तोक्यू ८५०० मालिकेची उपनगरी गाडी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानमधील तोक्यू या खासगी रेल्वे कंपनीची ८५०० मालिकेतील विद्युत गाडी १९७५ मध्ये सेवेत आली आणि जानेवारी २०२३ मध्ये टोकियो परिसरातील तिची धाव थांबली. जपानमधील मोठ्या खासगी कंपन्यांच्या मुख्य मार्गांवर एखाद्या प्रकारच्या गाडीने ४८ वर्षे काढणे ही साधी गोष्ट नाही. रेल्वेची आवड असलेल्या मराठी वाचकांना या गाडीबद्दल जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. तांत्रिक भाग शक्य तितका सोपा करून मांडला आहे. मात्र विद्युत नियंत्रणाचा विषय थोडा विस्ताराने आला आहे, कारण या गाडीच्या दीर्घायुष्याचे मर्म तिथेच आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

८५०० मालिका म्हणजे नेमकी कोणती गाडी?

योकोहामा येथील तोक्यू कार या कारखान्यात १९७५ ते १९९१ या काळात बांधलेल्या ४०० डब्यांचा हा ताफा होता. डब्याची लांबी २० मीटर, प्रत्येक बाजूला चार दरवाजे, बाह्यांग रंग न दिलेल्या स्टेनलेस स्टीलचे आणि दर्शनी बाजूवर तांबडा पट्टा, असे तिचे रूप होते. तिचे मुख्य कार्यक्षेत्र देन-एन-तोशी हा मार्ग होता. टोकियोतील शिबुयापासून कानागावा प्रांतातील चुओ-रिंकानपर्यंत जाणारा हा मार्ग ३१.५ किलोमीटर लांबीचा आहे. याखेरीज तोयोको आणि ओइमाची या मार्गांवरही ही गाडी धावली. जपानमधील रेल्वेप्रेमींच्या राष्ट्रीय मंडळाने १९७६ मध्ये तिला ‘लॉरेल’ पारितोषिक दिले. हे पारितोषिक दिखाऊपणापेक्षा तांत्रिक गुणवत्तेचा विचार करून दिले जाते, आणि ८५०० च्या बाबतीत दिखाऊपणाचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

तोक्यू ‘खासगी’ आहे म्हणजे काय? जपानची सगळीच रेल्वे आता खासगी नाही का?

१९८७ मध्ये जपानच्या राष्ट्रीय रेल्वेचे विभाजन होऊन तिच्या जागी वेगवेगळ्या कंपन्या आल्या, हे खरे आहे. तरीही जपानमध्ये ‘खासगी रेल्वे’ म्हटले की प्रामुख्याने राष्ट्रीय रेल्वेचा भाग कधीच नसलेल्या तोक्यू, तोबू, ओदाक्यू, हानक्यू यांसारख्या कंपन्या डोळ्यांसमोर येतात. या कंपन्यांचा व्यवसाय केवळ तिकिटांवर चालत नाही. जमीन घ्यायची, तिथून रेल्वे न्यायची, घरे आणि भूखंड विकायचे, शेवटच्या स्थानकावर स्वतःचे मोठे दुकान उभारायचे, अशी त्यांची पद्धत आहे.

तोक्यूच्या बाबतीत ही पद्धत फार मोठ्या प्रमाणावर राबवली गेली. कंपनीचे प्रमुख गोतो केइता यांनी १९५३ मध्ये टोकियोच्या नैर्ऋत्येकडील टेकड्यांवर नवी वसाहत उभारण्याची योजना मांडली. एप्रिल १९६६ मध्ये मिझोनोकुची ते नागात्सुता हा लोहमार्ग खुला झाला, आणि शेती व झाडी असलेल्या त्या टेकड्यांवर हळूहळू घरे उभी राहिली. मूळ योजना ४ लाख लोकवस्तीची होती. आज तिथे ६ लाखांहून अधिक लोक राहतात. ८५०० ही गाडी या वसाहतीची गरज होती. घरे विकत घेतलेल्या लोकांना रोज सकाळी शहराच्या मध्यभागी नेऊन सोडणे हे काम तिला करायचे होते, आणि ते जमले नसते तर भूखंडांचे गणितही कोलमडले असते.

मग आधीच्या ८००० मालिकेवरच काम का भागले नाही?

१९६९ मध्ये आलेली ८००० मालिका ही उत्तम गाडी होती आणि ८५०० हा तिचाच पुढचा अवतार आहे. अडचण मार्गाची होती. शिबुया ते फुताको-तामागावा या पट्ट्यात पूर्वी रस्त्यावरून ट्राम धावत असे. मे १९६९ मध्ये ती बंद झाली आणि त्याच महामार्गाखालून शिन-तामागावा नावाचा, आता देन-एन-तोशीचाच भाग असलेला भुयारी मार्ग बांधला गेला. तो ७ एप्रिल १९७७ रोजी खुला झाला. शिबुयाहून पुढे शहराच्या गाभ्यात जाणारा हानझोमोन हा भुयारी मार्ग एइदान या सार्वजनिक संस्थेचा होता. देन-एन-तोशी, शिन-तामागावा आणि हानझोमोन हे तिन्ही मार्ग सलग जोडून प्रवाशाला गाडी न बदलता जाता यावे, असे ठरले होते. म्हणजे तोक्यूच्या गाडीला दुसऱ्या संस्थेच्या भुयारात, त्या संस्थेच्या अटींवर धावायचे होते.

या अटींना एक पार्श्वभूमी आहे. २७ जानेवारी १९६८ रोजी टोकियोच्या हिबिया भुयारी मार्गावर कामियाचो स्थानकाजवळ तोबू कंपनीच्या एका गाडीला आग लागली. बिघाडामुळे प्रवासी आधीच उतरवलेले होते, म्हणून मोठी प्राणहानी टळली. मात्र भुयारात जळणारा डबा विझवणे किती कठीण असते, हे त्या दिवशी सर्वांना दिसले. त्यानंतर १९६९ मध्ये परिवहन मंत्रालयाने डब्यांच्या अग्निसुरक्षेचे निकष अधिक कडक केले आणि भुयारातून जाणाऱ्या गाड्यांना सर्वांत वरच्या श्रेणीचे निकष लागू झाले. ८५०० ची रचना या निकषांनुसार करण्यात आली. अरुंद भुयारात बाजूच्या दरवाजांतून उतरता येत नाही, म्हणून दर्शनी बाजूस बाहेर पडण्याचा दरवाजाही आवश्यक होता.

दुसरा महत्त्वाचा फरक मोटारींच्या संख्येत आणि जागेत होता. ८००० मालिकेत टोकाचे, म्हणजे चालकाच्या कक्षाचे डबे मोटारीविना होते. ८५०० मध्ये दोन्ही टोकांच्या डब्यांना मोटारी बसवल्या गेल्या आणि एकूण मोटार डब्यांचे प्रमाणही वाढवले गेले. भुयारातील चढावर एखादी गाडी बंद पडली, तर मागून येणाऱ्या गाडीने तिला ढकलत चढ पार करावा, ही अपेक्षा त्यामागे होती. दहा डब्यांच्या गाडीत आठ डबे मोटारीचे आणि केवळ दोन ओढले जाणारे असत. प्रत्येक मोटार डब्यात १३० किलोवॉटच्या चार मोटारी होत्या. म्हणजे संपूर्ण गाडीची शक्ती ४१६० किलोवॉट होते. उपनगरी सेवेच्या मानाने ही शक्ती भरपूर होती.

चालकाला पुढचे नीट दिसावे म्हणून त्याची बसण्याची जागाही ८००० पेक्षा उंच करण्यात आली. ८५०० च्या चेहऱ्यावरील काचा ८००० पेक्षा किंचित आखूड दिसतात, त्याचे कारण हेच आहे.

हानझोमोन मार्ग सुरू झाला तेव्हा तिथे एइदानच्या स्वतःच्या गाड्या नव्हत्या, हे खरे आहे का?

होय. १ ऑगस्ट १९७८ रोजी शिबुया ते आओयामा-इच्चोमे हा हानझोमोनचा जेमतेम २.७ किलोमीटरचा पहिला टप्पा खुला झाला, तेव्हा तिथली सर्व सेवा तोक्यूच्या ८५०० गाड्यांनीच दिली. एइदानची स्वतःची गाडी या मार्गावर १९८१ मध्ये आली. भुयारी मार्ग एका संस्थेचा आणि त्यावरची प्रत्येक गाडी दुसऱ्या कंपनीची, अशी ही स्थिती जवळजवळ तीन वर्षे होती. पुढे मार्ग वाढत गेला : १९७९ मध्ये नागाताचो, १९८२ मध्ये हानझोमोन, १९८९ मध्ये मित्सुकोशीमाए, १९९० मध्ये सुइतेनगूमाए आणि २००३ मध्ये ओशिआगे. या प्रत्येक टप्प्यावर ८५०० हजर होती.

‘फील्ड चॉपर’ नियंत्रण म्हणजे काय?

जुन्या विद्युत गाड्यांत मोटारीला मिळणारा प्रवाह मोठमोठ्या रोधकांच्या साहाय्याने नियंत्रित केला जाई. गाडी सुरू करताना वीज या रोधकांतून जाते, त्यात काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते आणि वेग वाढेल तसे रोधक टप्प्याटप्प्याने वगळले जातात. ब्रेक लावतानाही मोटार जनित्रासारखी वापरून निर्माण झालेली वीज त्याच रोधकांत जाळून टाकायची, अशी पद्धत होती. गाडीत रोधक जितके तापतात तितके भुयार तापते आणि विजेचे बिलही वाढते.

१९७० च्या सुमारास अर्धवाहक तंत्रज्ञानातून यावर उपाय पुढे आला. थायरिस्टर या अर्धवाहक स्विचच्या साहाय्याने प्रवाह सेकंदाला शेकडो वेळा तोडायचा-जोडायचा आणि त्या तोडजोडीचे प्रमाण बदलून सरासरी प्रवाह हवा तितका ठेवायचा. या उपकरणाला चॉपर म्हणतात. मोटारीचा संपूर्ण मुख्य प्रवाह चॉपरमधून नेला तर रोधकांची गरजच उरत नाही. पण तेवढा प्रचंड प्रवाह हाताळणारी उपकरणे त्या काळी अतिशय महाग होती.

तोक्यूने मधला रस्ता निवडला. तिच्या मोटारी संयुक्त वेटोळ्याच्या होत्या, म्हणजे चुंबकीय क्षेत्र निर्माण करणाऱ्या वेटोळ्याचा एक भाग मुख्य प्रवाहाशी समांतर जोडलेला होता. या समांतर वेटोळ्यातून वाहणारा प्रवाह मुख्य प्रवाहाच्या तुलनेत अगदी थोडा असतो. गाडी सुरू करण्यासाठी जुनी रोधकांची पद्धत तशीच ठेवायची आणि चॉपर केवळ या क्षेत्राच्या प्रवाहासाठी वापरायचा, असे ठरले. उपकरण छोटे आणि स्वस्त झाले. तरीही त्यातून मोठा लाभ मिळाला : क्षेत्र वाढवले की मोटारीत निर्माण होणारा विद्युत दाब (व्होल्टेज) ओव्हरहेड वायरमधील दाबापेक्षा अधिक होतो, प्रवाह उलट दिशेने वाहू लागतो आणि ब्रेक लावताना तयार झालेली वीज वायरमध्ये परत जाऊन जवळच्या दुसऱ्या गाडीला वापरता येते. यालाच रिजनरेटिव्ह ब्रेक म्हणतात. नियमित सेवेत ही पद्धत जगात प्रथम वापरणारी गाडी ८००० मालिकेची होती आणि ८५०० ने तीच पद्धत पुढे चालवली. त्यानंतर केइओ, केइक्यू यांसारख्या अन्य खासगी कंपन्यांनीही ती स्वीकारली.

संपूर्ण चॉपर अधिक चांगला होता, मग तोक्यूने तो का घेतला नाही?

एइदानने आपल्या चियोदा मार्गावरील ६००० मालिकेत संपूर्ण चॉपर वापरला आणि भुयारी मार्गाच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता. भुयारात उष्णता हाच मुख्य शत्रू असतो आणि स्थानके एकमेकांच्या जवळ असतात. तोक्यूचा हिशेब वेगळा होता. देन-एन-तोशी मार्गाचा बराच भाग उघड्यावर आहे, जलद गाड्या तिथे वेगाने धावतात, आणि वेग जास्त असताना ब्रेक लावण्यातूनच सर्वाधिक वीज परत मिळते. नेमक्या त्याच परिस्थितीत फील्ड चॉपर चांगले काम करतो. गाडी सुरू करताना रोधकांत काही वीज वाया जाते, पण थोड्या खर्चात बहुतेक फायदा पदरात पडतो. खासगी कंपनीला प्रत्येक येनचा हिशेब द्यावा लागतो. ही निवड काटकसरीची असली तरी तडजोडीची नव्हती, असे प्रस्तुत लेखकाला वाटते; जुन्या आणि नव्या तंत्राचा नेमका कुठे सांधा जुळवायचा, हे त्या अभियंत्यांना चांगले उमगले होते.

चालकासमोर एकच हँडल असे का?

पारंपरिक गाडीत चालकाच्या डाव्या हाताला वेगाचे हँडल आणि उजव्या हाताला ब्रेकचे हँडल असते. ८००० मालिकेपासून तोक्यूने इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराचे एकच हँडल आणले, जे दोन्ही हातांनी धरता येते. ते स्वतःकडे ओढले की गाडी वेग घेते, मधोमध ठेवले की गाडी मोटारीविना घसरत राहते आणि पुढे ढकलले की ब्रेक लागतो. अचानक थांबताना चालकाचे शरीर पुढे झुकते आणि हातही पुढेच जातात, त्यामुळे ही दिशा स्वाभाविक आहे. वेगाचा आणि ब्रेकचा आदेश एकाच वेळी चुकून दिला जाणे अर्थातच अशक्य होते. ही रचना शक्य झाली, कारण ब्रेकचा आदेशही आता हवेच्या नळीऐवजी विद्युत संकेतांनी सर्व डब्यांपर्यंत जात होता. आज जपानमधील असंख्य गाड्यांत एक हँडल असते. उपनगरी गाडीत ते रूढ करण्याचे श्रेय मुख्यतः तोक्यूकडे जाते.

स्टेनलेस स्टीलचे तंत्र तोक्यूला कुठून मिळाले?

अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या बड कंपनीकडून. स्टेनलेस स्टील नेहमीच्या पद्धतीने जोडले, तर जोडाजवळ उष्णतेमुळे त्याचा गंजरोधक गुण कमी होतो. बडने अत्यंत अल्प वेळात ठिपक्या-ठिपक्यांनी जोड देण्याची पद्धत विकसित केली होती आणि तोक्यू कारने तिचा परवाना घेतला. १९५८ च्या ५२०० मालिकेत केवळ बाहेरचा पत्रा स्टेनलेसचा होता. १९६२ मध्ये आलेली तोक्यूची ७००० मालिका ही सांगाड्यासह संपूर्ण स्टेनलेस असलेली जपानमधील पहिली गाडी ठरली. ८५०० याच परंपरेतली.

या डब्यांना रंग द्यावा लागत नाही आणि गंजाने पत्रा पातळ होण्याची भीतीही नसते. बाजूंवर दिसणाऱ्या आडव्या पन्हळी शोभेसाठी नव्हत्या. त्यांनी पातळ पत्र्याला ताठपणा येतो आणि जोडकामात आलेला वाकडेपणा झाकला जातो. १९७८ मध्ये तोक्यू कारने संगणकाच्या साहाय्याने सांगाड्याचे गणित नव्याने मांडून हलक्या वजनाचे प्रायोगिक डबे बांधले आणि त्यांची चाचणी ८५०० च्या ताफ्यासोबतच झाली. या प्रयोगातून १९८० मध्ये ८०९० मालिका आली आणि बडच्या परवान्यावरील अवलंबित्व संपुष्टात आले. तरीही ८५०० चे पुढचे डबे मुख्यतः जुन्याच रूपात १९९१ पर्यंत बांधले जात राहिले.

काही डब्यांचे क्रमांक शून्याने का सुरू होत?

जागा संपली म्हणून. मधल्या मोटार डब्यांना ८७०० आणि ८८०० पासून पुढचे क्रमांक दिले जात. एका प्रकारचे डबे नव्याण्णवच्या पुढे गेले, तेव्हा पुढचा शंभराचा गट आधीच दुसऱ्या प्रकाराला दिलेला होता. मग पहिला आकडा शून्य करून ०७०० आणि ०८०० असे नवे गट काढले गेले. जपानमध्येही हा प्रकार विरळाच होता आणि छायाचित्रे काढणाऱ्यांना त्याचे विशेष आकर्षण होते.

संपूर्ण गाडी मात्र शिबुयाच्या बाजूच्या टोकाच्या डब्याच्या क्रमांकाने ओळखली जाई. उदाहरणार्थ ८६०१ किंवा ८६३७.

आतून डबा कसा होता?

भिंतींना लागून लांब बाके, मधे उभ्यांसाठी मोकळी जागा, डोक्यावर हाताने धरायच्या कड्या आणि सामानाची फळी. वातानुकूलनाच्या जोडीला अनेक डब्यांत छताचे पंखेही होते. सांगण्यासारखे याहून फारसे नाही.

गर्दी कितपत असे?

फार. देन-एन-तोशी मार्ग टोकियोतील सर्वाधिक गर्दीच्या मार्गांमध्ये नेहमी गणला गेला, आणि सकाळच्या वेळी इकेजिरी-ओहाशी ते शिबुया हा शेवटचा टप्पा सर्वांत कठीण असे. १९८३ मध्ये दहा डब्यांच्या गाड्या सुरू झाल्या. त्यापेक्षा लांब गाडी भुयारी फलाटांना लागू शकत नव्हती. एप्रिल २००७ मध्ये सकाळच्या वेळी शिबुयाकडे जाणाऱ्या जलद गाड्यांऐवजी अर्धजलद गाड्या सोडल्या जाऊ लागल्या, ज्या फुताको-तामागावाच्या पुढे प्रत्येक स्थानकावर थांबतात. हेतू असा की सगळे प्रवासी एकाच जलद गाडीत कोंबले जाऊ नयेत आणि चढ-उतारातील विलंब कमी व्हावा. जलद गाडी काढून टाकल्याने एकूण प्रवास अधिक वक्तशीर होतो, हे वरवर विचित्र वाटेल. पण भुयारात एका गाडीने दुसरीला ओलांडण्याची सोय जवळजवळ नसते, तेव्हा पुढची गाडी फलाटावर किती वेळ अडते यावरच सगळ्यांचा वेग ठरतो.

२००५ पासून तोक्यूने आपल्या नव्या ५००० मालिकेच्या काही गाड्यांत सहा दरवाजांचे डबे लावले. फलाटांवर सुरक्षा दरवाजे बसवण्यासाठी सर्व डब्यांचे दरवाजे एका रेषेत असणे आवश्यक झाले, तेव्हा २०१७ पर्यंत ते डबेही काढून टाकण्यात आले. ८५०० चे चार दरवाजे मात्र पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत चारच राहिले.

ही गाडी मुंबईच्या रुळांवर धावू शकली असती का?

नाही. जपानमधील बहुतेक मार्गांप्रमाणे तोक्यूच्या रुळांतील अंतर १०६७ मिलिमीटर आहे, तर मुंबईत ते १६७६ मिलिमीटर आहे. वायरमधील विजेच्या बाबतीत मात्र दोन्ही शहरांत दीर्घकाळ साम्य होते. फेब्रुवारी १९२५ मध्ये मुंबईतील पहिली विद्युत लोकल १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर धावली, आणि ८५०० सुद्धा त्याच दाबावर चालत असे. मुंबईने टप्प्याटप्प्याने २५ हजार व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाकडे जात २०१६ पर्यंत ते स्थित्यंतर पूर्ण केले. टोकियो परिसरातील खासगी कंपन्यांचे बहुतेक मार्ग मात्र आजही १५०० व्होल्टवरच चालतात.

काही गाड्यांच्या दर्शनी बाजूला वर्तुळातील ‘के’ हे अक्षर कशासाठी होते?

मार्च २००३ मध्ये हानझोमोन मार्ग ओशिआगेपर्यंत पोहोचला आणि तिथून पुढे तोबू कंपनीच्या मार्गावर थेट सेवा सुरू झाली. म्हणजे चुओ-रिंकानहून निघालेली गाडी टोकियो ओलांडून सैतामा प्रांतात जाऊ लागली. तोबूच्या मार्गावर जाण्यासाठी तिथली सुरक्षा आणि संदेशवहनाची उपकरणे गाडीत बसवावी लागतात. निवृत्तीच्या जवळ आलेल्या सर्वच गाड्यांवर हा खर्च करणे कंपनीला परवडणारे नव्हते, म्हणून काही ८५०० गाड्या त्या उपकरणांविना ठेवल्या गेल्या आणि ओळखण्यासाठी त्यांच्यावर ते अक्षर लावले गेले. अशी गाडी ओशिआगेच्या पुढे पाठवता येत नसे. वेळापत्रक कोलमडले की कोणती गाडी कुठपर्यंत सोडता येईल, हे नियंत्रकाला एका नजरेत कळणे गरजेचे होते.

गाडीत उणिवा कोणत्या होत्या?

पहिली आणि सर्वांना ऐकू येणारी उणीव म्हणजे आवाज. दहापैकी आठ डबे मोटारीचे असल्याने भुयारात वेग वाढला की डब्यात बोलणे कठीण होई. रेल्वेप्रेमींना हाच आवाज प्रिय होता. रोज त्यातून जाणाऱ्यांचे मत निराळे असण्याची शक्यता अधिक. दुसरी उणीव देखभालीची. एकदिश प्रवाहाच्या मोटारीत कार्बनचे ब्रश असतात, ते झिजतात आणि वेळोवेळी बदलावे लागतात. ३२ मोटारींच्या गाडीत हे काम मोठे असते.

तिसरी उणीव रिजनरेटिव्ह ब्रेकच्या स्वभावातच आहे. परत दिलेली वीज घेणारी दुसरी गाडी जवळपास नसेल, उदाहरणार्थ रात्री उशिरा, तर वायरमधील दाब वाढतो आणि विद्युत ब्रेक आपोआप सोडून दिला जातो. मग हवेच्या ब्रेकला सगळा भार उचलावा लागतो.

ती निवृत्त का झाली, आणि शेवटची गाडी कोणती?

नव्या गाड्या विजेची फार बचत करतात, हे मुख्य कारण. २००२ मध्ये आलेल्या ५००० मालिकेने ८५०० ची जागा घ्यायला सुरुवात केली. मार्च २०१८ मध्ये २०२० मालिका आली; ८५०० च्या तुलनेत ती निम्म्याच्या आसपास वीज वापरते. ही नवी मालिका योकोहामातील त्याच कारखान्यात तयार झाली, मात्र तो कारखाना एव्हाना पूर्व जपान रेल्वेच्या समूहात गेला होता.

शेवटची गाडी ८६३७ क्रमांकाची. शिबुयातील ‘बुन्कामुरा’ हे तोक्यू समूहाचे सांस्कृतिक संकुल १९८९ मध्ये उघडले, तेव्हा त्याच्या प्रसिद्धीसाठी या गाडीला वेगळी निळी रंगसंगती दिली गेली होती. तिची सेवा २५ जानेवारी २०२३ रोजी संपली.

टोकियोबाहेर गेलेल्या डब्यांचे काय झाले?

सर्वांत मोठी तुकडी इंडोनेशियात गेली. जाकार्ताच्या उपनगरी रेल्वेतही रुळांतील अंतर १०६७ मिलिमीटर आणि वायरमध्ये १५०० व्होल्ट आहे, त्यामुळे जपानी डबे तिथे मोठ्या फेरफारांशिवाय धावू शकतात. ८५०० च्या प्रत्येकी आठ डब्यांच्या आठ गाड्या २००६ पासून तिथे पोहोचल्या. दगडफेकीपासून बचावासाठी समोरच्या काचांवर जाळी आणि सखल फलाटांसाठी दरवाजांखाली पायऱ्या, एवढे ठळक बदल त्यांत झाले. रंग न लागणाऱ्या त्या डब्यांना जाकार्तात मात्र भडक रंग मिळाले.

जपानमध्ये चिचिबू रेल्वेने २००९ मध्ये तीन डब्यांच्या दोन गाड्या घेतल्या आणि त्यांना ७००० मालिका हे नाव दिले. नागानो विद्युत रेल्वेने २००५ पासून तीन डब्यांच्या सहा गाड्या घेतल्या आणि मूळचा ८५०० हा क्रमांक तसाच ठेवला. नागानो शहरातील या मार्गाचा सुरुवातीचा भाग १९८१ पासून जमिनीखाली आहे. टोकियोच्या भुयारी निकषांनुसार बांधलेला डबा अशा मार्गाला आयताच योग्य ठरला.

तांबड्या पट्ट्याच्या या गाडीतून नागानोमध्ये प्रवास करायचा असेल तर काय लक्षात ठेवावे?

नागानो ते शिन्शू-नाकानो या टप्प्यातच तिची वाट पाहावी. मार्ग पुढे गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या युदानाकापर्यंत जातो, पण शिन्शू-नाकानोनंतर हजार मीटरमागे ४० मीटर इतका तीव्र चढ लागतो. उतारावर सतत वेग रोखून धरणारा ब्रेक ८५०० मध्ये नाही, कारण तोक्यूला त्याची कधी गरजच भासली नाही. त्यामुळे ती तिथे पाठवली जात नाही. युदानाकाला जाणाऱ्यांनी शिन्शू-नाकानो येथे गाडी बदलावी.